धक्क्यावरचे सात बर्गे

"हे काय आहे ते सांग, नाहीतर पाटी कोरीच राहील!" ग्लेनिस हातातला ब्रश नाचवत म्हणाली.

"डुकरांचं खोपटं," नेव्हिलने ठोकून दिलं.

"आणि भिंती कुठायत? डुकरं काय हाताची घडी घालून आत बसायची?"

"मग बसस्टॉप!"

"दीडशे वर्षांपूर्वी? धन्य आहेस!"

तेरा वर्षांची ग्लेनिस आणि दहा वर्षांचा नेव्हिल एकोणीसशे त्र्याहत्तर सालच्या ईस्टरच्या सुट्टीत बर्मिंगहॅमहून आजोबांकडे थॉर्नीला आले होते. आल्या आल्या ‘धक्का बचाव मंडळा’ने त्यांना पाट्या रंगवायच्या कामाला जुंपलं होतं. कालव्यावरचा थॉर्नीचा जुना धक्का मंडळाने साफसूफ केला होता आणि सोमवारी नगराध्यक्षा त्याचं उद्घाटन करणार होत्या. प्रत्येक इमारतीवर तिची पाटी हवी होती. वखार झाली. माल उचलायच्या यारीचा चौथरा झाला. मिठाचं कोठार, घोड्यांचा तबेला, मुकादमाचं घर, सगळं झालं. अडलं होतं ते पुलाजवळच्या एका छपराशी. चार दगडी खांब, वर काळ्या स्लेट दगडाचं छप्पर, आत दोन बुटके दगडी ओटे. भिंती नाहीत, दार नाही, आत काही म्हणजे काही नाही.

"‘उपयोग अज्ञात’ असं लिहा!" शिडीवरून आवाज आला. मंडळाचे अध्यक्ष मिस्टर पार्जिटर पताकांची दोरी बांधत होते. "पाहुण्यांना असलं गूढ फार आवडतं!"

पार्जिटर निवृत्त हेडमास्तर होते. धक्क्यावर त्यांचा खरोखर जीव होता. फक्त जुनी वस्तू दिसली की तिला पॉलिश केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे आणि कुणाला विचारावं हे त्यांना कधी सुचत नसे. आदल्या दिवशीच त्यांनी कालव्याकाठच्या वाटेवर झेंड्यासाठी वीस फुटी लोखंडी खांब उभा केला होता. पाच फूट जमिनीत, यंत्राने ठोकून! सगळं गाव बघायला आलं होतं.

"आजोबांना विचारू या," ग्लेनिस म्हणाली. "चल, जेवायचीही वेळ झाली."

आजोबांचं घर म्हणजे भरावाच्या पायथ्याशी असलेल्या बारा घरांच्या रांगेतलं पहिलं घर. थॉर्नीला कालवा उंच भरावावरून जातो. एकतीस पायऱ्या उतरून घराच्या दाराशी उभं राहिलं की कालव्याचं पाणी आपल्या डोक्याच्याही खूप वर असतं. नवखा माणूस दोन पावलं मागे सरतो. इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही.

आजोबा, म्हणजे ईनॉक ट्रँटर, चाळीस वर्षं या कालव्यावर पाटकरी होते. रोज चार मैल भरावावरून चालायचं, गळती शोधायची, चिकणमातीने बुजवायची. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून त्यांना त्या एकतीस पायऱ्या चढता आल्या नव्हत्या. स्वभावाने आधीच कडू. त्यात मंडळाचं नाव काढलं की विचारूच नका.

"पुलाजवळचं छप्पर?" चीजचा तुकडा कापता कापता ते गुरगुरले. "हेडमास्तराला तेवढंही कळत नाही? बर्गे ठेवायची जागा आहे ती."

"बर्गे म्हणजे?"

"ओक लाकडाच्या जाड फळ्या. सात. आठ-आठ फूट लांब. पुलाखाली कालवा अरुंद होतो, तिथे दोन्ही बाजूंच्या दगडांत उभ्या खाचा आहेत. भराव फुटला की त्या खाचांत एकावर एक बर्गे सोडायचे. पलीकडचं आठ मैलांचं पाणी पलीकडेच थांबतं."

"मग भिंती का नाहीत?" नेव्हिलने विचारलं.

"भिंत आली की दार आलं. दार आलं की कुलूप आलं. आणि मग पाणी येत असताना किल्ली कुणाकडे आहे ते शोधत बसायचं?" आजोबांनी सुरी खाली ठेवली. "एकोणीसशे अकरा साली इथे बर्गे नव्हते. दोन मैलांवर होते, कुलपात. भराव इथेच फुटला, याच घरांच्या मागे. चार माणसं गेली. त्यानंतर ते छप्पर बांधलं."

त्यांनी ताटली बाजूला सारली. नेव्हिल भांडी घेऊन मागच्या अंगणात गेला आणि तसाच परत आला.

"आजोबा, अंगणात पाणी आलंय. भरावाच्या बुडातून."

"ते ठिबकतं नेहमीच. भराव पाझरायचाच."

"ठिबकत नाहीये. वाहतंय."

आजोबांनी मान वर केली. "रंग कसा आहे?"

"रंग?"

"पाण्याचा रंग रे! स्वच्छ आहे का?"

"नाही," नेव्हिल म्हणाला. "दूध घातलेल्या चहासारखा."

आजोबांचा चेहरा पांढरा पडला. काठी टेकत ते दारापर्यंत गेले, बाहेर पाहिलं आणि चौकट घट्ट धरून उभे राहिले.

"स्वच्छ पाणी आलं तर नुसतं पाणी येतंय," ते हळू म्हणाले. "गढूळ आलं म्हणजे भराव आतून वाहून चाललाय. काल संध्याकाळी हे नव्हतं. काल वर काय केलं त्यांनी?"

"झेंड्याचा खांब ठोकला," ग्लेनिस म्हणाली. "पाच फूट खोल."

"कालव्याला आतून तुडवलेल्या चिकणमातीचं अस्तर असतं! तीन फूट जाड! त्यातून आरपार खांब घातला त्यांनी! ग्लेनिस, पळ. चार माणसं घे, छपराखालचे सातही बर्गे पुलात सोडायला लाव. दुसऱ्या बाजूला जलद्वार आहे, ते बंदच असतं. मधलं धक्क्याचं पाणी तेवढं येईल, ते येऊ दे."

ग्लेनिस जागची हलली नाही.

"आजोबा, छपराखाली काहीच नाहीये."

मग आजोबा म्हणाले, "कुठे गेले ते शोध. आणि जोरात पळ, पोरी."

"नेव्हिल, तू आजोबांजवळ थांब!" असं ओरडून ती सुटली.

पायऱ्या चढून वर येईपर्यंत तिच्या छातीचा भाता झाला होता. पार्जिटर अजून शिडीवरच होते. तिने एका दमात सगळं सांगितलं. गढूळ पाणी, खांब, बर्गे. ते हसले. हसले!

"अगं, दर ईस्टरला ईनॉकचा कालवा फुटतोच! एकटा पडलाय बिचारा. मंगळवारी कालव्याचं ऑफिस उघडेल तेव्हा फोन करतो, झालं? आणि छपराखाली काय बाई, जुनी लाकडं होती काहीतरी. वर्षापूर्वीच हलवली."

"कुठे हलवली?"

"आता मला ही दोरी बांधू देशील का?"

ग्लेनिसला रडूच आलं, पण रडायला वेळ नव्हता. ती वखारीत घुसली. तिथे खालच्या मजल्यावर मंडळाने चहाची खोली थाटली होती. चौदा वर्षांची मॉरीन सोमवारच्या पाहुण्यांसाठी कपबश्या पुसत होती. मॉरीनची आई ती खोली चालवायची.

"काय गं, भूत पाहिलंस का?"

"मॉरीन, ओकच्या सात जाड फळ्या. आठ फुटी. छपराखाली होत्या. पाहिल्यास कुठे?"

मॉरीनने पुसणं थांबवलं. मग तिने भिंतीकडे बोट केलं. भिंतीलगत विटांच्या बुटक्या खांबांवर लांबलचक बाकं होती. तेल पाजून, घासून चकचकीत केलेली.

"पार्जिटरसर म्हणाले, जुन्या चर्चमधली बाकं असणार. हे बघ, नंबरही आहेत."

ग्लेनिस खाली वाकली. फळीच्या टोकाला छिन्नीने रोमन आकडा खोदलेला होता. चार. पुढच्या बाकावर सात. त्याच्या पुढच्यावर एक.

"बाकं कसली! हेच बर्गे आहेत! उचल!"

दोघींनी मिळून एक टोक कसंबसं वीतभर उचललं आणि धपकन सोडलं. सात फळ्या न्यायला मोठी माणसंच हवी होती, आणि मोठी माणसं पताका बांधत होती.

"माझ्या आईला सांगू?"

"ती पार्जिटरसरांना विचारणार. आणि ते हसणार!"

मॉरीनने खिडकीतून बाहेर पाहिलं. काठावर साप्ताहिकाचा तरुण फोटोग्राफर कंटाळून बदकांचे फोटो काढत होता. मॉरीनच्या कपाळावरच्या आठ्या एकदम मोकळ्या झाल्या.

"सर सगळ्यांना नाही म्हणतात," ती म्हणाली. "पण कॅमेऱ्याला त्यांनी आजवर नाही म्हटलेलं नाही. चल! आणि तोंड हसरं ठेव, मेलीस तरी!"

दोघी फोटोग्राफरजवळ गेल्या. पार्जिटरांना स्पष्ट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मॉरीन म्हणाली, "बदकांचे फोटो काय काढताय? थॉर्नीचे ऐतिहासिक बर्गे सापडलेत! साठ वर्षांत कुणी पुलात सोडलेले नाहीत!"

"हो!" ग्लेनिस ओरडली. तिचा आवाज कापत होता, पण दुरून तो उत्साहच वाटला असावा. "पार्जिटरसरांनी स्वतः जपून ठेवलेत! पण ते आज दाखवतील की नाही कुणास ठाऊक, पहिल्या पानावर फोटो येणार असेल तर कदाचित..."

"पहिल्या पानावर नक्की येईल," फोटोग्राफर म्हणाला. बदकांपेक्षा त्याला काहीही चाललं असतं.

शिडी करकरली. मिस्टर पार्जिटर खाली उतरले होते आणि टाय सारखा करत होते.

"अर्थातच!" ते म्हणाले. "अर्थातच दाखवणार! ओकचे बर्गे! मी म्हणतच होतो की ती साधी बाकं नव्हेत! अहो, सगळे इकडे या! कोट घाला, फोटो आहे!"

मंडळाची सहा माणसं धावत आली. एकेक बाक दोघादोघांनी उचलून सातही न्यायला फेऱ्या सुरू झाल्या आणि मिरवणूक पुलाकडे निघाली. ग्लेनिस पुढे पळत होती. दगडांतल्या खाचा होत्या तिथेच होत्या, शेवाळाने भरलेल्या. तिने हातानेच शेवाळ ओरबाडून काढलं.

"आधी हा सुंदर रेषांचा सोडू," पार्जिटर म्हणाले.

"नाही! एक नंबर तळाशी! मग दोन! आकडे त्यासाठीच आहेत, क्रम चुकला तर बसणार नाहीत!" हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण आकडे उगाच कुणी कोरत नाही, एवढं तिला कळत होतं.

पहिला बर्गा खाली गेला. लाकूड पाण्यात उसळी घ्यायचं, दोघे जण वर उभे राहून त्याला दाबायचे. दुसरा गेला. तिसरा गेला. पार्जिटरांनी छाती फुगवून फोटोसाठी पाय पुढे टाकला. खटक! खटक!

"छान! झालं!" ते म्हणाले. "बाकीचे वर ठेवा. भिजून पॉलिश जाईल."

"सातही!" ग्लेनिस किंचाळली. "सातही सोडा!"

"हे बघ बाळ, प्रात्यक्षिकाला तीन पुष्कळ..."

"सर," मॉरीन म्हणाली. तिचा आवाज इतका वेगळा होता की सगळ्यांनी वळून पाहिलं. "खांब बघा."

वारा अजिबात नव्हता. तरी झेंड्याचा खांब हळूहळू, कुणी ओढल्यासारखा, घरांच्या बाजूला कलत होता. त्याच्या बुडाशी कालव्याच्या पाण्यात भोवरा फिरत होता.

आधी पार्जिटरांनी खांबाकडे पाहिलं, मग हातातल्या फळीकडे, मग ग्लेनिसकडे. आणि मग त्या माणसाने अंगातला कोट फेकून दिला.

"चौथा आणा! धावा! पाचवा!"

आता कुणी फोटोकडे बघत नव्हतं. फोटोग्राफरनेही कॅमेरा गवतात टाकून फळीला हात लावला होता. पाचवा बसला. सहावा अडकला, पार्जिटर त्यावर दोन्ही पायांनी उड्या मारू लागले आणि तो बसला. सातवा खाली गेला आणि त्याच क्षणी जमीन हादरली. खांब, पताका, वाटेचा वीस फूट तुकडा, सगळं एका दमात खाली गेलं. धक्क्याचं पाणी त्या खिंडारातून गर्जत घरांवर कोसळलं.

बर्गे कण्हले. फटींतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. पण ते हलले नाहीत.

ग्लेनिस काठावर गुडघे टेकून खाली बघत होती. खाली फक्त तपकिरी पाणी आणि धुकं दिसत होतं. "नेव्हिल!" ती ओरडत होती. "नेव्हिल!" तिला स्वतःचाही आवाज ऐकू येत नव्हता.

ग्लेनिस मघाशी घरातून पळत सुटली, तेव्हाच इकडे खाली नेव्हिलने विचारलं होतं, "आजोबा, बाकीच्या घरांना कसं सांगायचं? मी पळत जाऊ?"

"बारा दारं ठोठावायला फार वेळ लागतो," आजोबा म्हणाले. त्यांनी शेगडीतली लोखंडी सळई उचलली आणि शेगडीच्या मागच्या भिंतीवर ठोकायला सुरुवात केली. तीन ठोके, थांबा, तीन ठोके. त्या रांगेतल्या घरांच्या शेगड्या पाठीला पाठ लावून होत्या. साखर हवी असली तर बायका एक ठोका मारत, बाळंतपण असलं तर दोन. तीन ठोके म्हणजे पाणी. बासष्ट वर्षांत ते कुणी मारले नव्हते, पण ठाऊक सगळ्यांना होते. दुसऱ्या घरातून तिसऱ्याला ठोके गेले, तिसऱ्यातून चौथ्याला, आणि दोन मिनिटांत बायका पोरं काखोटीला मारून चर्चच्या चढाकडे पळू लागल्या.

शेजारच्या मिसेस कॉपेज दारात आल्या. "ईनॉक, चल, मी धरते तुला!"

"माझी माणसं येताहेत," आजोबा म्हणाले. "तू तुझी जुळी घेऊन नीघ!"

त्या गेल्या. आजोबांची कुणीही माणसं येत नव्हती.

"आता तूही जा, नेव्हिल."

"नाही."

"ऐकायचं मोठ्यांचं!"

"माडीचा जिना चढू या. बसून. पाठमोरे. मी तुमचा पट्टा धरतो." नेव्हिलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज कडक होता. "एक पायरी. चला, आजोबा!"

एक पायरी. मग दुसरी. प्रत्येक पायरीला आजोबा वेदनेने ओरडत आणि "जा, मूर्खा!" म्हणत. सहाव्या पायरीवर असताना मागची भिंत आत आली. टेबल, चीजची ताटली, काठी, खुर्च्या, सगळं एका लोंढ्यात फिरलं आणि पुढच्या दारातून निघून गेलं. पाणी तिसऱ्या पायरीला लागलं, चौथ्या, पाचव्या. आजोबांचे पाय बुडाले. त्यांनी नेव्हिलला ढकललं. नेव्हिलने एका हाताने कठडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने चामडी पट्टा, आणि तो डोळे मिटून नुसता "नाही, नाही, नाही" म्हणत होता.

पाणी सहाव्या पायरीला लागलं. आणि तिथेच थांबलं. त्याच्या मागे आणखी पाणी यायला नव्हतंच.

चिखलातून घसरत, पडत ग्लेनिस दाराशी आली, तेव्हा दोघे त्याच पायरीवर बसलेले होते. नेव्हिलची बोटं पट्ट्यावरून सोडवायला तिला आणि मॉरीनला मिळून बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी सगळी रांग चर्चच्या सभागृहात होती. चार नंबरमधला साखळीला बांधलेला कुत्रा बुडाला होता. दोन घरं राहण्याजोगी उरली नव्हती, त्यांतलं एक आजोबांचं. पण माणूस एकही गेला नव्हता. सुट्टी सोडून धावत आलेला कालव्याचा इंजिनियर सगळ्यांसमोर उभा राहिला.

"आठ मैलांचं पाणी आलं असतं, तर आज यातलं एकही घर उभं नसतं," तो म्हणाला. "आणि मी इथे कुणाशी बोलत उभा असतो ते मला सांगवत नाही. या तीन मुलांनी ते अडवलं. मोठ्यांना जे दिसलं नाही, ते त्यांनी पाहिलं."

टाळ्या झाल्या. मग मिस्टर पार्जिटर उठले. एका रात्रीत ते म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

"मला वाटत होतं मी धक्का जपतोय," ते म्हणाले. "मी त्याच्या अंगातला प्राण काढून त्याला पॉलिश करत होतो. ईनॉकने सांगून पाठवलं, तेव्हा मी हसलो. त्याची मी माफी मागतो. मुलांनो, तुमची नावं आम्ही दगडावर कोरणार आहोत."

"आधी बर्गे छपराखाली ठेवा, सर," ग्लेनिस म्हणाली. "आणि त्यांच्यावर कुणी बसू नका."

कुणीतरी हसलं. पार्जिटर हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

कोपऱ्यात आजोबांना खाटेवर झोपवलं होतं. बर्मिंगहॅमहून आलेली आई त्यांच्या उशाशी बसली होती. नेव्हिल पायथ्याशी उभा होता.

"इकडे ये," आजोबा म्हणाले. तो जवळ गेला. "जा म्हटलं तर का गेला नाहीस?"

"तुम्हाला चालता येत नव्हतं ना."

आजोबांनी नजर छताकडे वळवली.

"अकरा साली मी नऊ वर्षांचा होतो," ते म्हणाले. "त्या चौघांतली एक माझी बहीण होती. कझाया. सहा वर्षांची. आम्ही त्याच जिन्यावर होतो. तिचा हात माझ्या हातात होता आणि मला चांगलं चालता येत होतं."

आईने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आपल्याला एक आत्या होती, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"मी घाबरलो," आजोबा म्हणाले. "आणि मी हात सोडला."

"मी पण घाबरलो होतो, आजोबा," नेव्हिल म्हणाला. "खूप."

"ठाऊक आहे. तुझी बोटं थरथरत होती." म्हाताऱ्याचा आवाज फुटला. "शाबास, पोरा. शाबास."

त्यांनी नेव्हिलचा हात हातात घेतला. बायका सूप वाटायला आल्या, त्याची वाटी गार झाली, तरी तो हात त्यांच्या हातातच होता.